टॅबलेटवरच्या फायली: मूळ कुठली, नक्कल कुठली?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लॅपटॉप बाजूला ठेवून गेलं वर्षभर सगळं काम टॅबलेटवर चाललंय. ईमेलवर आलेला अहवाल उघडायचा, दुरुस्त्या करायच्या, परत पाठवायचा. आता एकाच अहवालाच्या पाच प्रती झाल्यात आणि त्यातली ताजी कुठली ते कळत नाही. दोनदा तर केलेल्या दुरुस्त्याच गायब झाल्या. डाउनलोड केलेलं सापडत नाही, पेन ड्राइव्ह कधी दिसतो कधी नाही, जागा भरल्याची सूचना रोज येते. माझं काही चुकतंय, की टॅबलेट म्हटलं की असंच चालायचं?

चूक तुमची थोडी आहे, यंत्राची जास्त. लोकांना कामासाठी टॅबलेट लावून देणं आणि त्यांचे घोळ निस्तरणं हे मी बारा-तेरा वर्षं करतोय. अशी तक्रार घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा संगणकावर मुरलेला असतो. ज्याने जन्मात कधी फोल्डर बनवला नाही त्याला हा त्रास फारसा होत नाही. तो फाइल शोधायला जातच नाही, अ‍ॅप उघडतो आणि कालचं काम समोर असतं. तुमच्या हाताला मात्र वेगळं वळण लागलंय, आणि तेच इथे आडवं येतं.

झेरॉक्स कंपनीने १९८१ मध्ये ‘स्टार’ नावाचा संगणक आणला. त्याच्या पडद्यावर टेबल होतं, टेबलावर फोल्डर आणि फोल्डरात कागद. आपण सगळे त्याच मांडणीत वाढलो. तिथे कागद फोल्डरचा असतो आणि वर्ड वगैरे मंडळी म्हणजे नुसती पेनं. पेन बदललं तरी कागद जागचा हलत नाही. २०१० साली आयपॅड आला तेव्हा अ‍ॅपलने ते टेबलच उचलून ठेवलं. प्रत्येक अ‍ॅपला एकेक बंद खोली दिली, त्याच्या फायली त्या खोलीत, आणि शेजारच्या अ‍ॅपला आत डोकावायची बंदी. हेतू वाईट नव्हता. एखाद्या लबाड अ‍ॅपने तुमचे सगळे कागद चाळू नयेत म्हणून ही भिंत. पण त्यामुळे एका खोलीतला कागद दुसऱ्या खोलीत न्यायचा तर त्याची झेरॉक्स काढूनच न्यावी लागते. (टेबल मांडणारी कंपनी कुठली होती ते आठवून मला अजून हसू येतं.)

२०१७ मध्ये आयओएस ११ सोबत (आयओएस म्हणजे आयफोन-आयपॅड चालवणारी प्रणाली) ‘फाइल्स’ अ‍ॅप आलं, २०१९ मध्ये आयपॅडला पेन ड्राइव्ह दिसायला लागला. म्हणजे टेबल परत आलं, पण खोल्या तशाच राहिल्या. अँड्रॉइडचा प्रवास उलटा. तिथे आधी सगळं सताड उघडं होतं, कुठलंही अ‍ॅप परवानगी घेऊन अख्खी मेमरी वाचू शकायचं. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून भिंती घालायला सुरुवात झाली आणि २०२० च्या अँड्रॉइड ११ मध्ये त्या पक्क्या झाल्या. एक बंद दारांकडून निघाला, दुसरा उघड्या अंगणातून, आणि दोघं मध्येच कुठेतरी येऊन थांबलेत. तुमच्या पाच प्रती त्या मधल्या बोळात जन्माला आल्या आहेत.

त्या कशा जन्मतात ते एकदा डोळ्यांनी बघा, म्हणजे पुढचं सगळं पटेल. दहा मिनिटांचं काम आहे. ‘कसोटी’ नावाची एक साधी वर्डची फाइल करा, त्यात एकच ओळ लिहा आणि स्वतःलाच ईमेल करा. आता ईमेलमधल्या अटॅचमेंटवर बोट टेकवून ती लिहायच्या अ‍ॅपमध्ये उघडा. शेवटी ‘एक’ असं लिहा, बंद करा. पुन्हा ईमेलमध्ये जा आणि तीच अटॅचमेंट उघडून बघा. ‘एक’ नाही. असणारही नाही, कारण ईमेलला जोडलेली फाइल कधीच बदलत नाही. तुम्ही लिहिलंत ते तिच्या नकलेवर. मग ती नक्कल कुठे आहे? आयपॅडवर ती लिहिण्याच्या अ‍ॅपच्या खोलीत गेली, बऱ्याचदा तिथल्या ‘इनबॉक्स’ नावाच्या फोल्डरात. हा ईमेलचा इनबॉक्स नव्हे. बाहेरून आलेल्या नकला टाकायची ती आयपॅडची जागा. अँड्रॉइडवर अ‍ॅपला बाहेरची फाइल पुष्कळदा फक्त वाचायच्या परवानगीवर मिळते. मग अ‍ॅप एकतर ‘प्रत सेव्ह करा’ म्हणतं, नाहीतर तात्पुरत्या जागेत लिहून ठेवतं, आणि ती तात्पुरती जागा साफ झाली की तुमचं ‘एक’ही जातं. तुमच्या दुरुस्त्या दोनदा गायब झाल्या त्या बहुधा अशाच.

आता दुसरा अर्धा प्रयोग. तीच अटॅचमेंट ईमेलमधून ‘सेव्ह’ करा, जागा स्वतः निवडून. मग ईमेल बंद करा, लिहायचं अ‍ॅप उघडा आणि त्या अ‍ॅपच्या आतल्या ‘ओपन’मधून त्या फोल्डरपर्यंत जाऊन फाइल उघडा. ‘दोन’ लिहा, बंद करा, ‘फाइल्स’मध्ये जाऊन बघा. ‘दोन’ आहे, आणि बदलल्याची वेळ आत्ताची आहे. या वाटेने गेलात की अ‍ॅपला मूळ फाइलवरच लिहायची परवानगी मिळते, आयपॅडवरही आणि अँड्रॉइडवरही. शेअरच्या बटणाने गेलात तर मूळ मिळेल की नक्कल, हे त्या त्या अ‍ॅपच्या लहरीवर. पर्यायात ‘कॉपी टू’ लिहिलेलं दिसलं तर नक्कल नक्की. ‘ओपन इन’ असेल तर बहुधा मूळ, पण त्या ‘बहुधा’वर मी महत्त्वाचं काम सोपवत नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी एकच शिस्त लावतो. आलेला कागद आधी घरी न्यायचा, मग त्याला हात लावायचा. घर म्हणजे एक ठरलेली जागा, एकच. आयक्लाउड ड्राइव्ह असो, गूगल ड्राइव्ह असो, वनड्राइव्ह असो किंवा टॅबलेटच्या स्वतःच्या मेमरीतला एक फोल्डर. कुठलं निवडता त्यापेक्षा दोन निवडत नाही ना, हे जास्त महत्त्वाचं. मी बघितलेल्या सगळ्यात वाईट घोळांत माणसाकडे तीन क्लाउड होते. तिन्ही फुकटात मिळाले म्हणून घेतलेले आणि तिन्हींत ‘कामाचं’ नावाचा फोल्डर. तुमच्याकडे दुसरं कुठलंही यंत्र, फोन धरून, वापरात असेल तर घर क्लाउडमध्येच करा. एकटाच टॅबलेट असेल आणि इंटरनेट बेभरवशाचं असेल तर टॅबलेटवर करा आणि बॅकअपची वेगळी सोय लावा. त्याबद्दल पुढे बोलतो.

घर ठरलं की दारं त्या दिशेला वळवून घ्यायची. आयपॅडवर सफारीच्या सेटिंगमध्ये ‘डाउनलोड्स’ म्हणून एक ओळ आहे. डाउनलोड आयक्लाउडमध्ये जाणार, टॅबलेटवर, की तुम्ही सांगाल त्या फोल्डरात, हे तिथे ठरतं. ही ओळ कोणी उघडतच नाही, आणि मग टॅबलेटवर शोधत बसतात आणि फाइल क्लाउडमधल्या डाउनलोड्समध्ये आरामात असते. अँड्रॉइडवर ब्राउझरचं सगळं ‘डाउनलोड’ फोल्डरात येतं, तिथे गोंधळ कमी आणि कचरा जास्त. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले कागद अँड्रॉइडवर तिसरीकडेच, ‘अँड्रॉइड’ फोल्डरातल्या ‘मीडिया’च्या पोटात पाच-सहा पायऱ्या खाली. वर त्यांची नावं पुष्कळदा ‘डॉक’, तारीख आणि ‘डब्ल्यूए’पुढे चार आकडे अशी, म्हणजे नाव बघून आत काय आहे ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. तिथे शोधायला जाऊच नका. ज्या संभाषणात कागद आला तिथूनच तो घरी सेव्ह करा, आणि सेव्ह करतानाच नाव बदला. ‘नंतर बदलू’ म्हटलेलं नाव कुणी बदललेलं मी अजून पाहिलेलं नाही.

नावाबद्दल थोडं. संगणकावर आपण फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर असे सात मजले चढवतो. टॅबलेटवर प्रत्येक मजल्याला एक टिचकी आणि एक वाट बघणं, त्यामुळे दोन मजल्यांवर थांबा आणि जी माहिती फोल्डरच्या नावात असायची ती फाइलच्या नावात आणा. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहिली की यादी आपोआप क्रमाने लागते: ‘२०२५-०३-०९ वार्षिक अहवाल मसुदा’. एक खाच आहे. आकडे देवनागरीत लिहायचे तर सगळीकडे देवनागरीत लिहा, रोमन तर सगळीकडे रोमन. संगणकाच्या लेखी ती वेगवेगळी अक्षरं आहेत. मिसळलीत तर एकाच महिन्याच्या फायली यादीच्या दोन टोकांना जाऊन बसतात. नावात प्रश्नचिन्ह आणि विसर्गासारखे दिसणारे ते दोन टिंब, म्हणजे कोलन, टाळा. टॅबलेटवर चालून जातं, पण विंडोजवर आणि बहुतेक पेन ड्राइव्हवर ही चिन्हं नावात चालत नाहीत. चारशे फायली कॉपी करताना एका प्रश्नचिन्हापाशी गाडं अडतं आणि पडद्यावर कारण काही धड लिहून येत नाही. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘अंतिम खरोखर’ याबद्दल मी काही बोलत नाही.

आता पीडीएफ, कारण सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. एक संपादक बाई दोनशे पानांचा अहवाल घेऊन आल्या होत्या. तीन आठवडे रात्री बसून त्यांनी टॅबलेटच्या पेन्सिलने पानापानावर दुरुस्त्या केल्या होत्या. फाइल पाठवली, तर समोरच्याने कळवलं की ही तर कोरी आहे. त्यांनी पुन्हा पाठवली, पुन्हा कोरी. अ‍ॅप बिघडलं असं समजून ते काढून नव्याने टाकायचं त्यांच्या मनात होतं, आयकॉनवर बोट दाबून धरलेलंच होतं. मी म्हटलं, थांबा, आधी फाइल बघू. फाइलवर बोट टेकवून माहिती उघडली. आकार ६.१ एमबी. त्यांना पहिल्यांदा ईमेलवर आली तेव्हा किती होती? ईमेलमध्ये पाहिलं, ६.१ एमबी. बदलल्याची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. दोनशे पानं पेन्सिलने रंगवूनही फाइल तसूभर वाढली नाही, याचा अर्थ एकच: दुरुस्त्या फाइलमध्ये नाहीतच. त्या अ‍ॅपने त्या स्वतःच्या वहीत वेगळ्या लिहून ठेवल्या होत्या आणि पडद्यावर पानावर पारदर्शक कागद ठेवावा तशा दाखवत होतं. अ‍ॅप काढलं असतं तर वहीही गेली असती. शेवटी ‘शेअर’ सोडून ‘एक्स्पोर्ट’मध्ये गेलो, तिथे ‘टिपणांसह’ असा पर्याय होता. तयार झालेली फाइल भरली ११ एमबी. ती लगेच दुसऱ्या अ‍ॅपमध्ये उघडून पाहिली, दुरुस्त्या जागच्या जागी.

पीडीएफवर लिहिण्याची सगळी अ‍ॅपं अशी नसतात. पुष्कळ अ‍ॅपं टिपणं थेट फाइलमध्ये घालतात आणि तेच प्रमाण आहे. पण तुमचं अ‍ॅप कुठल्या जातीचं ते काम सुरू करण्याआधी कळायला हवं. एका पानावर एक रेघ मारा, अ‍ॅप बंद करा, तीच फाइल दुसऱ्या कुठल्या तरी अ‍ॅपमध्ये उघडा. रेघ दिसली तर बिनधास्त लिहा. एक्स्पोर्ट करताना ‘फ्लॅटन’ असा शब्द दिसेल. त्याने टिपणं पानाच्या चित्रात कायमची मुरतात, पुन्हा खोडता येत नाहीत. पाठवायची प्रत फ्लॅटन केलेली चालेल, ठेवायची प्रत न केलेली ठेवा.

आणि एखादा फॉर्म उघडल्यावर इंग्रजीत नुसतं ‘प्लीज वेट’ आणि खाली चार ओळींचा मजकूर दिसला तर वाट बघत बसू नका, तो रात्रभर ठेवलात तरी उघडणार नाही. एक्सएफए नावाच्या जुन्या पद्धतीने बनवलेला तो फॉर्म आहे, टॅबलेटवरची बहुतेक सगळी अ‍ॅपं तो वाचू शकत नाहीत. संगणकावर अ‍ॅडोबीच्या रीडरमध्ये उघडा, काम संपलं. तसंच मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, आत असलेल्या एक्सेलच्या फायली आणि युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले जुने कागद, जे उघडले की निरर्थक अक्षरांची रांगोळी दिसते. त्यात फाइल बिघडलेली नसते, तो फॉन्ट टॅबलेटवर नसतो, इतकंच. या तीन गोष्टींसाठी टॅबलेटशी झटापट करण्यात मी लोकांच्या आख्ख्या दुपारी वाया गेलेल्या पाहिल्यात.

क्लाउडबद्दल दोन गैरसमज आहेत आणि दोन्ही दगा देतात. पहिला असा की यादीत नाव दिसतं म्हणजे फाइल टॅबलेटवर आहे. तसं नसतं. नावाशेजारी छोटा ढग आणि खाली बाण असेल तर तिथे नुसती पाटी आहे, माल क्लाउडमध्ये. जागा कमी पडली की आयपॅड बऱ्याच दिवसांत न उघडलेल्या आयक्लाउडमधल्या फायली स्वतःहून टॅबलेटवरून उतरवतो, न विचारता. मग विमानात किंवा तळघरातल्या बैठकीत नेमका तोच कागद उघडत नाही. आयपॅडओएस १८ पासून फाइल किंवा फोल्डर दाबून धरला की ‘कीप डाउनलोडेड’ मिळतं, गूगल ड्राइव्हमध्ये फाइलच्या तीन टिंबांत ‘ऑफलाइन’चा पर्याय असतो. उद्या लागणारा कागद आज रात्री असा पक्का करा, आणि विमान मोड चालू करून तो खरंच उघडतो का ते बघा. ही शेवटची पायरी सगळे गाळतात.

दुसरा गैरसमज, सिंक म्हणजे बॅकअप. सिंक म्हणजे सगळ्या यंत्रांवरच्या फायली आपोआप सारख्या ठेवणं. सिंक हा आरसा आहे. टॅबलेटवर फाइल खोडलीत की फोनवरून जाते, संगणकावरून जाते, सगळीकडून जाते, आणि तेही तत्परतेने. कचरापेटीत ती बहुतेक सेवांमध्ये ३० दिवस राहते. आयपॅडच्या ‘रिसेंटली डिलीटेड’मध्येही तितकेच. एकतिसाव्या दिवशी आठवण झाली तर उपयोग नाही. फोटोग्राफर मंडळींत रुळलेला ३-२-१ चा नियम इथे चांगला चालतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. टॅबलेट, क्लाउड आणि महिन्यातून एकदा जोडायची एक बाहेरची ड्राइव्ह एवढ्यात तो बसतो.

पेन ड्राइव्ह कधी दिसतो कधी नाही, याला बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं. पहिलं, आतली आखणी, म्हणजे फॉरमॅट. आयपॅडला एक्सफॅट, फॅट३२ आणि अ‍ॅपलचे स्वतःचे प्रकार चालतात, आणि ड्राइव्हवर विभाग एकच असावा लागतो. अँड्रॉइडवर फॅट३२ सगळीकडे चालतं, एक्सफॅट बऱ्याच टॅबलेटवर चालतं. विंडोजवर एनटीएफएस करून आणलेला ड्राइव्ह अँड्रॉइडवर पुष्कळदा दिसतच नाही. मी सरसकट एक्सफॅट करून देतो, कारण फॅट३२ वर एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे आणि व्हिडिओ त्याच्यावर सहज जातो. दुसरं, वीज. बाहेरची हार्ड डिस्क पुष्कळदा टॅबलेटच्या बळावर फिरत नाही, दिवा लागतो आणि विझतो; मग मध्ये विजेची जोड असलेला हब, म्हणजे जोडणीचा डबा, लागतो. तिसरं कारण म्हणजे केबल. काही यूएसबी-सी केबल फक्त चार्जिंगच्या असतात. तोंड सारखं म्हणून वेगही सारखा असंही नाही: २०२२ चा दहाव्या पिढीचा आयपॅड यूएसबी-सीचा, पण आत जुनाच यूएसबी २, सेकंदाला ४८० मेगाबिट. प्रत्यक्षात त्यावर ३० जीबी सरकवायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. त्या वेळात पडदा चालू ठेवा. आणि आयपॅडवर ‘इजेक्ट’ शोधत बसू नका. कॉपीची पट्टी संपली, मग चार-पाच सेकंद थांबून काढा.

खरं सांगायचं तर मी स्वतः पेन ड्राइव्ह फार कमी वापरतो. एकाच वायफायवर असलेल्या दोन यंत्रांमध्ये फाइल न्यायला लोकलसेंड नावाचं मोफत अ‍ॅप आहे, आयपॅड, अँड्रॉइड, विंडोज सगळीकडे चालतं. दोन्हीकडे अ‍ॅपलची यंत्रं असतील तर एअरड्रॉप, अँड्रॉइडमध्ये क्विक शेअर. फक्त लक्षात असू द्या की हे सगळे मार्ग नक्कलच पाठवतात, आणि पोचलेली नक्कल घरी न्यायची ती तुम्हीच.

जागेची सूचना. इथे घाईत लोक काय काय काढून टाकतात ते पाहून माझाच जीव वरखाली होतो. आयपॅडवर अ‍ॅप डिलीट केलं की त्याची खोली, आतल्या सगळ्या फायलींसकट, जाते. ‘ऑन माय आयपॅड’ खाली दिसणारा त्या अ‍ॅपच्या नावाचा फोल्डर हाच ती खोली. त्याच पानावर ‘ऑफलोड’ हा पर्याय असतो. त्याने अ‍ॅप जातं, कागद राहतात. अँड्रॉइडवर ‘क्लिअर कॅशे’ म्हणजे तात्पुरती जागा साफ करणं; दुरुस्त्या हरवलेल्या नसतील तर ते निर्धोक आहे, पण त्याच्या शेजारचं ‘क्लिअर स्टोरेज’ किंवा ‘क्लिअर डेटा’ अख्खी खोली धुऊन काढतं. ही दोन बटणं इतकी जवळ का ठेवली असतील, देव जाणे. तुमच्या बाबतीत जागा खाणारे दोघेच असतील असा माझा अंदाज आहे: व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ आणि त्या जागोजागच्या नकला. व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपच्या स्वतःच्या स्टोरेजच्या पानावरून काढा, तिथे मोठ्यांत मोठा आधी दिसतो. जाहिरातींनी भरलेली ‘क्लीनर’ अ‍ॅपं टाकू नका. ती अख्ख्या मेमरीची परवानगी मागतात आणि बदल्यात जे करतात ते सेटिंगमधून फुकट होतं.

आयपॅडवर फोटोंचं प्रकरण वेगळं आहे, ते फायलींच्या जगात राहतच नाहीत. फोटो ‘फाइल्स’मध्ये हवा असेल तर तो शेअरमधून सेव्ह करावा लागतो, आणि पुन्हा तेच, नक्कल. पाठवलेला फोटो समोरच्या संगणकावर उघडत नसेल तर बहुधा तो एचईआयसी असतो. अ‍ॅपलचे कॅमेरे २०१७ पासून तो प्रकार वापरतात. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘फॉरमॅट्स’ खाली ‘मोस्ट कम्पॅटिबल’ केलं की पुढचे फोटो जेपेगमध्ये निघतात. कागदाचा फोटो काढून पाठवण्यापेक्षा ‘फाइल्स’मधलंच किंवा ड्राइव्हच्या अ‍ॅपमधलं स्कॅन वापरा, थेट पीडीएफ होते आणि थेट घरी पडते.

मग लॅपटॉपकडे परत जायचं का? वाचणं, खुणा करणं, सही करून पाठवणं, फिरतीवर एखादं पान दुरुस्त करणं यात टॅबलेट लॅपटॉपपेक्षा सरस आहे, हे मी दोन्ही रोज वापरून सांगतो. पण शंभर फायली इकडच्या तिकडे लावायच्या असतील तर बोटाने एकेक उचलत बसू नका. घर क्लाउडमध्ये असेल तर कुठल्याही संगणकावर बसून अर्ध्या तासात आवरा, टॅबलेटवर सगळं आपोआप लागलेलं दिसेल. तो लॅपटॉप विकू नका, कपाटात असू द्या.

आता तुमच्या पाच प्रती. आजच्या आज पाचही एका फोल्डरात गोळा करा, हलवून नव्हे, कॉपी करून. नावाकडे लक्ष देऊ नका आणि तारखेवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका, कारण डाउनलोड केलेल्या फाइलवर अनेकदा डाउनलोडची वेळ बसते, लिहिल्याची नाही. सगळ्यात मोठ्या आकाराच्या दोन आणि सगळ्यात अलीकडच्या दोन वेगळ्या काढा आणि संगणकावर वर्डच्या ‘रिव्ह्यू’मधल्या ‘कम्पेअर’ने एकमेकींशी ताडून बघा. फरक रंगात दिसतो. जी पूर्ण निघेल तिला तारखेसकट नवं नाव देऊन घरी ठेवा; उरलेल्या चार ‘जुनं’ नावाच्या फोल्डरात टाका आणि महिनाभर तरी खोडू नका.

गायब झालेल्या दुरुस्त्यांसाठी मात्र हे सगळं करण्याआधी, अगदी आजच, चार ठिकाणं बघा. लिहायच्या अ‍ॅपच्या ‘रीसेंट’ यादीत, कारण तिथे नकलेची वाट अनेकदा शिल्लक असते. अ‍ॅपच्या फोल्डरातल्या त्या ‘इनबॉक्स’मध्ये. क्लाउडमध्ये फाइलच्या ‘व्हर्जन हिस्ट्री’त, असलीच तर. आणि कचरापेटीत, जिथे ३० दिवस मोजायला केव्हाच सुरुवात झालेली आहे. तोवर ते अ‍ॅप अपडेट करू नका, कॅशे साफ करू नका, आणि जागेची सूचना आली तरी खुशाल येऊ द्या.